तांबेसाहेबांचा बडा खाना

सुभेदार भिकाजी तांबे यांची आणि माझी ओळख वाढप्यांवरून झालेल्या वादात झाली. मी लालबागचा केटरर. एका दुपारी साहेब माझ्या दुकानात आले आणि पायरीशीच चपला काढू लागले. मी म्हटलं, "राहू द्या हो, दुकान आहे, देऊळ नाही." ते म्हणाले, "आत अन्नाचं काम चालतं ना?" आणि चपला काढूनच आत आले. ताठ मान, कपडे साधे पण कडक इस्त्रीचे, बोलणं मोजकं. डिलाईल रोडवरच्या एका हॉलमध्ये माजी सैनिकांसाठी रविवारचं जेवण करायचं होतं. मटण, पुऱ्या, पुलाव, शेवटी खीर.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "बुफे की पंगत?"

"पंगत. पण तुमचे वाढपी नकोत."

मला वाटलं, साहेब खर्चाला बिचकतायत. म्हटलं, "साहेब, वाढपी कमी करतो, पण मुळीच नाही म्हणजे कसं होणार? नवखा माणूस रस्सा वाढायला गेला की पहिली वाटी पाहुण्याच्या मांडीवर जाते."

"जाऊ दे. माझे पाहुणे त्याहून गरम गोष्टींतून बाहेर आलेत."

"मग वाढणार कोण?"

"ते मी आणतो. तुम्ही मटण शिजवा."

रात्री घरी हे सांगितलं, तर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अवो, तो माणूस खुळो नाय. काय करता ता बघा तरी." त्यांचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे. मी ऑर्डर घेतली.

त्या रविवारी मी जे पाहिलं, ते माझ्या धंद्यात कधी पाहिलं नव्हतं. जेवायला आले ते बहुतेक वॉचमन. कोणी निळ्या गणवेशात, कोणी खाकीत, छातीवर एजन्सीचा बिल्ला. काही जण तर गेटवरची पाळी संपवून थेट आलेले. सगळे एकेकाळचे सैनिक. आणि वाढायला कमरेला एप्रन बांधून उभे कोण, तर दादरचे एक निवृत्त कॅप्टन, एक हृदयरोगतज्ज्ञ, एका कॉलेजच्या प्राचार्या आणि स्वतः तांबेसाहेब. पुढे साहेबांनी समजावलं. फौजेत वर्षातून काही प्रसंगी बडा खाना होतो. एरवी जे हुकूम देतात ते अधिकारी त्या दिवशी जवानांना वाढतात आणि त्यांच्याबरोबर जेवतात. "परब," साहेब म्हणाले, "वर्षभर ज्याच्याकडून काम घ्यायचं, त्याच्या ताटात एक दिवस तरी आपल्या हाताने काही पडलं पाहिजे. नाहीतर हुकूम नुसता आवाज होतो."

टेबलाच्या टोकाला एक सडसडीत हवालदार खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. साताऱ्याकडचे, नाव ज्ञानदेव शेलार. कॅप्टनसाहेब भांडं घेऊन जवळ आले की ते उठून उभे राहायचे. पुरी आली, उभे. मटण आलं, उभे. शेवटी कॅप्टनसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना अलगद खाली बसवलं. "बैठो, हवालदार. आज मेरी ड्यूटी है." आणि पुढची पळी, मी सांगितलं होतं तशीच, शेलारांच्या मांडीवर गेली. सगळा हॉल हसला. शेलारही हसले, पण खुर्चीला पाठ टेकून काही बसले नाहीत.

जेवणं आटोपली. मी पातेली उचलायला लावली, तेव्हा साहेबांनी मला थांबवलं. माझे आचारी, भांडी घासणाऱ्या दोन बायका आणि मी, सगळ्यांना त्यांनी टेबलाला बसवलं आणि वाढायला स्वतः आले. मी परळच्या एका खाणावळीत भांडी घासत मोठा झालो. आयुष्यभर हजारोंच्या पंगती उठवल्या. पण 'तुम्ही बसा, मी वाढतो' असं मला घराबाहेर कोणी म्हटल्याचं आठवत नाही. त्या दिवसापासून साहेबांच्या बडा खान्याला मी नुसतं जेवण पाठवत नाही. मी स्वतः जातो, एप्रन बांधून.

साहेबांचं आयुष्य थोडक्यात सांगणं सोपं आहे, कारण ते स्वतः थोडक्यातच सांगतात. जन्म डिलाईल रोडच्या चाळीत, वडील गिरणीत विणकाम खात्यात. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि वडिलांचा एकच आग्रह: शिका आणि कोणापुढे वाकू नका. साहेब मॅट्रिक होऊन फौजेत गेले, शिपायाचे सुभेदार झाले. उत्तरेच्या बर्फात राहिले, ईशान्येच्या पावसात राहिले. लढाईबद्दल कोणी विचारलं तर म्हणतात, "थंडी फार होती." यापुढे चकार शब्द नाही. आज मात्र त्यांच्या वडिलांच्या गिरणीच्या जागी काचेचा टॉवर उभा आहे. ज्या गेटातून वडील डबा घेऊन आत जायचे, त्या गेटवर साहेबांच्या ओळखीचे सैनिक वॉचमन म्हणून उभे असतात आणि चाळीतली माणसं पलीकडच्या फुटपाथवरून तो टॉवर बघतात.

निवृत्तीनंतर साहेबांनी काय काम केलं, हे त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या समितीने मला लिहायला सांगितलं आहे. साहेबांनी संस्था काढली नाही, फलक लावला नाही. त्यांचं काम म्हणजे संध्याकाळची फेरी. लोअर परळपासून लालबागपर्यंत ज्या ज्या गेटवर जुना सैनिक उभा असेल तिथे साहेब थांबतात. हालहवाल विचारतात आणि एक प्रश्न हमखास करतात: "खुर्ची दिली का?" आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे, मला माहीत नाही, म्हणून सांगतो. वॉचमनला खुर्ची दिली की तो झोपतो, असं अनेक सोसायट्यांचं ठाम मत असतं. मी या टॉवरमध्ये वाढदिवस करतो, बारशी करतो, सोसायटीच्या सभांना बटाटेवडे पुरवतो. हातात ट्रे असलेल्या माणसासमोर लोक मोकळेपणाने बोलतात. ट्रेला कान नसतात असं त्यांना वाटतं. एका गृहस्थांना मी व्याह्यांपुढे म्हणताना ऐकलं आहे, "आमच्याकडे सगळे एक्स-आर्मी आहेत हां, ऑर्डिनरी वॉचमन नाहीत." तेच गृहस्थ तासाभराने खाली जाऊन ओरडत होते, "ए, बहिरा आहेस का? गेट कोण उघडणार, तुझा बाप?" ज्याच्या नोकरीची बढाई मारायची त्याला खुर्ची द्यायची नाही. पंच्याहत्तरीच्या लेखात राग शोभत नाही, असं समितीतले एक सभासद मला म्हणाले. मला तर या विषयावर राग सोडून दुसरं काही शोभेल असं वाटत नाही.

तीच गोष्ट आपल्या सत्कारांची. स्वातंत्र्यदिन आला की माजी सैनिकांची आठवण होते. त्यांना सकाळीच बोलावतात, उन्हात बसवतात, आणि प्रमुख पाहुणे गाडीतून उतरेपर्यंत गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना उभं करून ठेवतात. मग शाल, नारळ, फोटो आणि निवेदकाचा गहिवर. नाश्ता पाहुण्यांना आधी, सैनिक राहिले तर राहिले. मी स्वतः अशा कार्यक्रमांना पोहे पुरवले आहेत, म्हणून हे ऐकीव नाही.

गिरगावातल्या अशाच एका कार्यक्रमात साहेबांचं वेगळं रूप दिसलं. एका जवानाच्या पत्नीला मंचावर बोलावलं होतं. निवेदकाने माइक तिच्या तोंडाशी नेला आणि आवाज ओला करून विचारलं, "ताई, ती बातमी आली त्या क्षणी तुम्हाला नेमकं काय वाटलं?" बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "सांगा ना ताई, सगळे ऐकतायत." पहिल्या रांगेत लोक मोबाइल वर धरून बसले होते. तांबेसाहेब उठले, मंचावर गेले आणि माइक व बाई यांच्या मध्ये उभे राहिले. म्हणाले, "चला ताई, तुमची गावची एसटी चुकेल." बाईंना हाताने रस्ता करून खाली आणलं आणि थेट माझ्या टेबलाशी आणलं. "परब, ताईंना चहा. आणि बसायला काहीतरी." बाई चहा पिऊन हळूच म्हणाल्या, "पण मी तर काळाचौकीला राहते." साहेब म्हणाले, "मला माहीत आहे." साहेबांनी आयुष्यात मारलेली ही एकच थाप मला ठाऊक आहे. त्यानंतर त्यांनी स्वतःचे सत्कार घेणं बंद केलं.

त्यांनी हा नेम एकदाच मोडला, तो ज्ञानदेव शेलारांसाठी. तेच खुर्चीच्या कडेवर बसणारे हवालदार. हा प्रसंग मी सविस्तर लिहितो, कारण त्यात साहेब पूर्ण दिसतात. आणि आपणही दिसतो.

शेलार त्याच गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये मुख्य गेटवर होते. एकदा तिथल्या सोसायटीच्या कमिटीची सभा होती आणि मी वडे घेऊन गेलो होतो. त्या एका सभेत दोन ठराव झाले. पहिला असा की वॉचमनच्या टोप्या बंद करायच्या, कारण त्या जुन्या सिनेमा थिएटरच्या डोअरकीपरसारख्या दिसतात. त्याऐवजी कोट आणि टाय. दुसरा ठराव चेअरमनने स्वतः मांडला. दुबईत कुठल्याशा हॉटेलात त्यांनी पाहिलं होतं. इथून पुढे प्रत्येक मेंबरच्या गाडीला गेटवर सॅल्यूट झाला पाहिजे. "आपल्याकडे एक्स-आर्मी आहेत, तर दिसू दे ना ते!" सगळ्यांनी हात वर केले आणि वडे उचलले.

दुसऱ्या दिवसापासून बाकीचे वॉचमन गाडी आली की कपाळाशी हात नेऊ लागले. शेलार मात्र टाचा जुळवून, छाती काढून, मुठी मांडीशी घट्ट धरून सावधान उभे राहायचे. हात वर जायचा नाही. काही दिवसांनी तक्रार आली, "त्या गेटवाल्याला अॅटिट्यूड आहे. मुद्दाम हात उचलत नाही." चेअरमनने त्यांना खाली बेसमेंटच्या पार्किंगमध्ये टाकलं आणि सांगितलं, प्रजासत्ताक दिनापर्यंत माफी मागायची आणि सॅल्यूट सुरू करायचा, नाहीतर एजन्सीला कळवून काढून टाकू. गैरवर्तनाचा शिक्का बसलेल्या वॉचमनला पुन्हा कोणी गेटवर घेत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. शेलारांची धाकटी मुलगी गावाकडे नर्सिंगला होती. मुंबईत ते मेव्हण्याच्या खोलीत आडोसा करून राहत होते. नोकरी गेली असती तर तो आडोसाही गेला असता.

संध्याकाळच्या फेरीत साहेबांना गेटवर दुसराच माणूस दिसला. त्या दिवशी मीही कामासाठी तिथे होतो. त्या माणसाला विचारून आम्ही खाली बेसमेंटमध्ये गेलो. गाड्यांच्या धुरात, ट्यूबलाइटखाली शेलार उभे. खुर्ची अर्थातच नव्हती.

"काय झालं, हवालदार?"

"काय न्हाई सायेब. माफी मागा म्हणत्यात. मागतो की. माफीला काय, जीभ हाय, हालवायची."

"आणि सॅल्यूट?"

शेलार खाली बघत म्हणाले, "टोपी काढून घेतली सायेब. बोडक्यानं हात कसा उचलू? उभ्या नोकरीत उचलला न्हाई. सावधान उभा ऱ्हातो त्यास्नी, मान देतो. त्यास्नी वाटतं, माजलाय."

"त्यांना सांगितलंत?"

"इचारलं कुणी?"

फौजेचा साधा रिवाज आहे. डोक्यावर टोपी नसेल तर सैनिक सॅल्यूट करत नाही, तो सावधान उभा राहतो. म्हणजे ज्या सभेने टोपी काढून घेतली, त्याच सभेने सॅल्यूट मागितला होता. आणि एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांतल्या एकालाही, या माणसाला जाऊन विचारावं, असं वाटलं नाही. माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, "साहेब, मी आत्ता वर जाऊन चेअरमनला सांगतो." साहेब म्हणाले, "तुमचं त्यांच्याकडे काम आहे, परब. तुम्ही सांगितलंत तर केटररने सांगितलं, एवढंच होईल." मग जिना चढताना त्यांनी विचारलं, "प्रजासत्ताक दिनाला हे लोक कोणाचा सत्कार करतात का?"

करतात, दरवर्षी. यंदाच्या सत्कारमूर्तीसाठी चेअरमनने मलाच विचारलं होतं, "परब, एखादा डेकोरेटेड फौजी बघा ना ओळखीचा." तांबेसाहेब यायला तयार आहेत, असा निरोप मी पोचवला. चेअरमन खूश झाले.

त्या सकाळी साहेब ब्लेझर, पदकं आणि फौजेची ती तिरकी टोपी घालून आले. झेंडा वर गेला, साहेबांनी सॅल्यूट केला, आणि तो पाहून गलका करणारी मुलंसुद्धा गप्प झाली. मग चेअरमनचं भाषण झालं. 'आपण रात्री शांत झोपतो ते कोणामुळे', वगैरे. मी चहाच्या टेबलामागून ऐकत होतो आणि मला पायाखालचं बेसमेंट दिसत होतं. रात्रपाळीनंतर शेलारांना त्या दिवशी दिवसपाळीही लावली होती आणि वर झेंड्याला यायची परवानगी नव्हती.

शाल झाली, नारळ झाला. मग तयार फेटा आला. चेअरमन म्हणाले, "सुभेदारसाहेब, ती टोपी जरा काढता का?" साहेबांनी काही न बोलता टोपी काढून हातात धरली. ती त्यांनी इतक्या सहज काढली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. फेटा निघाला मोठा. साहेबांच्या भुवयांवर घसरला, पोरं खिदळली, तेव्हा तो काढून घेतला. "राहू दे, राहू दे," चेअरमन म्हणाले, "असंच एक सॅल्यूट मारा साहेब, फोटोला."

साहेबांनी टाचा जुळवल्या. मुठी मांडीशी. नजर समोर.

फोटोग्राफर म्हणाला, "अंकल, सॅल्यूट!"

"हाच."

"नाही, हात वर पाहिजे ना."

चेअरमन हसत म्हणाले, "साहेब, जस्ट फोटोपुरतं हो!"

"डोक्यावर टोपी नसली की फौजी हात उचलत नाही," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही, पण त्यांचा आवाज मैदानावर कमावलेला आहे. शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "तो सावधान उभा राहतो. त्यात मान तेवढाच असतो. तुमच्या गेटवर एक हवालदार रोज तुमच्या प्रत्येक गाडीला हा मान देत होता. तो कुठे आहे?"

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला.

"त्याने केलं तेच मी आत्ता केलं. मला तुम्ही शाल दिलीत. त्याला खाली पाठवलंत."

चेअरमन चाचरले. "आम्हाला हे खरंच माहीत नव्हतं, साहेब."

"विचारलं असतंत तर त्याने सांगितलं असतं. तो तुमच्या दारातच उभा होता."

शेलारांना वर बोलावलं गेलं. डोळे किलकिले करत ते उन्हात आले. चेअरमननी हात मिळवला, फोटो काढला, संध्याकाळी शेलार परत मुख्य गेटवर. नोकरी वाचली.

गोष्ट इथेच संपली असती तर मीही हा लेख गोड केला असता. पण त्याच आठवड्यात मला चेअरमनचा फोन आला. अगदी आनंदात. "परब, प्रॉब्लेम सॉल्व्ह! सगळ्यांना टोप्या मागवल्या. फर्स्ट क्लास टोप्या. आता तर सॅल्यूट मारेल ना तुमचा माणूस?"

एवढं सगळं ऐकून या माणसाच्या डोक्यात शिरलं काय, तर टोपीची ऑर्डर! मी तसाच साहेबांच्या खोलीवर गेलो. साहेब आधी हसले, खूप हसले. मग एकदम थांबले. मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेव्हाच.

"परब, त्यांना जाऊन सांगा, सॅल्यूट गाडीला नसतो. माणसालाही नसतो, तो हुद्द्याला असतो. आणि ज्याला सॅल्यूट मिळतो त्याला तो परत द्यावा लागतो. जनरल असला तरी शिपायाला परत देतो. परत न येणारा सॅल्यूट हा सॅल्यूट नव्हे, मुजरा झाला. आमच्या आईबापांनी या मुंबईत येऊन मुजरे सोडले. पोरांनी फौजेत जाऊन परत सुरू करावेत म्हणून नाही." पाणी प्यायले आणि म्हणाले, "त्यांना सांगा, हवालदार सॅल्यूट करतील. पण गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि परत सॅल्यूट द्यायचा. जमेल?"

मी शब्दशः निरोप दिला. माझी सोसायटीची कामं गेली तर जाऊ देत, असं मनाशी म्हणून दिला. चेअरमन म्हणाले, "हे जरा जास्तच होतंय हां, परब." त्यानंतर सॅल्यूटचा ठराव रद्द झाला नाही, पण त्याचा कोणी उल्लेखही करत नाही. शेलार टोपी घालतात, उन्हासाठी. एक प्राध्यापकबाई तेवढ्या रोज गाडीची काच खाली करून "नमस्कार, हवालदार" म्हणतात. माझे वडे अजून चालू आहेत. आणि खुर्ची? हा लेख छापायला जाईपर्यंत तरी आलेली नाही.

साहेब आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. गुडघे कुरकुरतात, फेरी लहान झाली आहे, काही गेटं त्यांनी आमच्यात वाटून दिली आहेत. लालबागची दोन गेटं माझ्याकडे आहेत. त्यांच्यासारखं मला जमत नाही. मी फार बोलतो. पण खुर्चीचं विचारायला विसरत नाही.

समितीने त्यांच्यापुढे अमृतमहोत्सवाचा बेत ठेवला: दादरला मोठं सभागृह, प्रमुख पाहुणे, मानपत्र, फेटा. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सत्कार नको. बडा खाना करा." मग समितीकडे एक नजर टाकून: "वाढायला याल?"

तेव्हा हा गौरवग्रंथ ज्या दिवशी तुमच्या हाती पडेल, त्या दिवशी मंच नाही, भाषणं नाहीत, सत्काराच्या खुर्च्या नाहीत. डिलाईल रोडच्या त्याच हॉलमध्ये गेटवरून सुटून आलेली माणसं पंगतीला बसतील. टॉवरच्या चेअरमनना साहेबांनी स्वतः निमंत्रण दिलं आहे. मीटिंग लवकर आटोपली तर येतो, असं त्यांनी कळवलं आहे. मी त्यांच्या मापाचा एप्रन बाजूला काढून ठेवला आहे. साहेबांचा स्वभाव मला हळूहळू लागतो आहे, एवढंच म्हणतो.

तांबेसाहेबांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, ही तर आम्हा सगळ्यांचीच इच्छा. पण त्यांनी अजून पंचवीस वर्षं गेटोगेट फिरत खुर्ची विचारत राहावं, असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना तो प्रश्न विचारावाच लागू नये, एवढं आपण त्यांच्या हयातीत करून दाखवू या. ती त्यांची खरी भेट. मग उरलेली वर्षं त्यांनी खुशाल घरी बसून खीर खावी. ती माझ्याकडे लागली.

वाढायला येणाऱ्यांना जाता जाता एकच सूचना. टेबलाच्या टोकाला एक सडसडीत हवालदार खुर्चीच्या कडेवर बसलेले असतील. तुम्ही भांडं घेऊन जवळ गेलात की ते उठायला लागतील. त्यांना उठू देऊ नका. खांद्यावर हात ठेवा, खाली बसवा, आणि म्हणा, बसा हवालदार, आज माझी ड्यूटी आहे.